चार दिवसांआड समुद्र

लग्नाच्या वर्षी मल्लेशम म्हणाला होता, समुद्र दाखवतो.
मग कारखान्याचा संप, मग थोरलीचं बाळंतपण,
मग त्याच्या डाव्या कानातला मागाचा खडखडाट,
जो माग विकले तरी थांबला नाही.
एकतीस वर्षांनी, जानेवारीतल्या एका मंगळवारी
त्यानं पॅसेंजरची दोन तिकिटं काढली
आणि आम्ही पारेवाडीला उतरलो.

"धरणाला का?" जीपवाल्यानं विचारलं.
"समुद्राला," हा म्हणाला.
जीपवाला हसला नाही.
पुढची सीट फडक्यानं पुसून दिली फक्त.

ऊस, ऊस, केळी, परत ऊस,
आणि एकाएकी ऊस संपला.
पलीकडचा काठच दिसेना.
"चूडु," मल्लेशम म्हणाला, घरात बोलतो त्या भाषेत,
आणि काय बघायचं
ते त्याला पुढं सांगता येईना.

पत्र्याची पाटी: सागर बीच रिसॉर्ट, फॅमिली रूमची सोय.
तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक झोपाळा,
झोपाळ्याच्या खांबाला बांधलेली शेळी.
चिलापी तळलेली मिळाली, भाकरी मिळाली.
काटे काढून मल्लेशमनं माझ्या ताटात मासा टाकला,
असं त्यानं घरी कधी केलेलं नाही.

काठावर कुसाबाई भोई जाळं सांधत बसलेली.
गाठ, ओढ, गाठ.
मी तिच्या बोटांकडं, ती माझ्या बोटांकडं.
"विड्या?"
"हं."
"हजाराला किती देत्यात?"
मी सांगितलं. तिनं मासळीचा किलोचा भाव सांगितला.
मग दोघी गप्प.
समोर एवढं पाणी चमकत होतं, फुकट.

तिच्या नवऱ्यानं, संदिपाननं, होडी आत नेली
आणि मध्येच वल्हं उचलून ठेवलं.
"आता तुम्ही पेठंत हाय," म्हणाला.
"ही खाली शाळा. ही पिठाची गिरणी. ती तिकडं न्हाव्याची टपरी.
उन्हाळ्यात पाणी हटलं की देवळाचा कळस वर येतो.
लोक आपले देव पाण्यात घालून बसत्यात,
आमचा सरकारनं घातलाय."

मी वाकून बघितलं.
हिरवट पाणी, त्यात माझंच तोंड, तेही हलतं.
लांब उथळात रोहित पक्ष्यांची गुलाबी ओळ होती.
"टॉवेलाची किनार," मल्लेशम म्हणाला,
आणि किती दोऱ्यांची असेल, ते मोजत राहिला.

मी ओंजळ भरून जिभेला लावली.
"खारट नाही."
"खारट कसं असंल?" संदिपान म्हणाला,
"सोलापूरचंच की हे. पाइपातनं तुमच्याकडंच येतंय."

मल्लेशम माझ्याकडं बघेना.
पक्षी मोजायचंही त्यानं सोडलं.

म्हणजे हे बॅरलमध्ये होतं माझ्या.
ह्यातच मी तेंदूची पानं भिजवली,
वरण शिजवलं, थोरलीच्या पोराला न्हाऊ घातलं,
त्या गिरणीवरून, शाळेच्या पायरीवरून आलेल्या पाण्यात.
आणि ह्याच्यासाठीच रात्री दोन वाजता उठून
शेजारच्या कलावतीशी भांडले.

नातवानं शंख आणायला सांगितलं होतं.
शंख कुठला! चिखलात अर्धी शिंपली सापडली,
वरून काळी, आतून जांभळट.
त्यानं ती रात्री कानाला लावली.
"अम्मम्मा, काहीच ऐकू येत नाही."
"ते बाहेरून आल्यावर दमलंय," मी म्हटलं.

शनिवारी रात्री दोनला नळ आला.
आधी हवा, एक लांब सुस्कारा,
मग खोकला, मग गंजाचं लाल, मग धार.
मी मल्लेशमला उठवलं.
तो बनियनवर येऊन ओल्या फरशीवर बसला
आणि उजवा कान, चांगला असलेला,
नळाच्या पाइपाला लावला.
किती वेळ तसाच.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.
त्यानं हातानंच मला गप्प केलं.

बॅरल भरला. कळशी भरली.
कलावतीच्या दारात बादल्या वाजल्या.
"सरक आता," मी म्हटलं, "हंडा लावायचाय."